कपाटाची किल्ली

आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहालगतच्या खोलीत पुस्तकांची दोन लोखंडी कपाटे आहेत. त्यांची किल्ली आमच्या कचेरीतील खिळ्याला टांगलेली असते. काही वर्षांपूर्वी एका रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, एक गृहस्थ कचेरीत आले. त्यांच्या हाती मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी होती आणि तिची चार-पाच पाने कोपऱ्याशी दुमडलेली होती. त्यांचा मुलगा तेव्हा नववीत होता. “फादर, हे पुस्तक देवळाच्या कपाटात कसे काय?” एवढेच त्यांनी विचारले. दुमडलेली पाने आम्ही उभ्या उभ्या वाचली. शाळकरी पोरांच्या तोंडची शिवराळ भाषा, मुलींविषयीची कुजबुज, शिक्षकांची टवाळी. आम्ही त्या गृहस्थांची क्षमा मागितली, पुस्तक टेबलाच्या खणात टाकले आणि नोंदवहीत त्याच्या नावावर रेघ ओढली. या साऱ्याला दहा मिनिटेही लागली नसतील.

कादंबरी आम्ही वाचलेली नव्हती. ती पुढे आठ महिने त्या खणात पडून होती. एका पावसाळी रात्री वीज गेलेली असताना मेणबत्ती शोधण्यासाठी खण उघडला, तेव्हा ती हाती आली. त्या रात्री निम्मी वाचली आणि उरलेली दुसऱ्या दिवशी. तिच्याविषयी पुढे लिहूच. पण वाचून झाल्यावर आम्हांस वाटलेली पहिली भावना लाजेची होती, हे आधीच सांगून टाकतो. पापनिवेदनाला आलेल्या माणसाचे चार शब्द ऐकून पाचव्याला त्याला उठवून लावणारा धर्मगुरू आम्हांला कधीच आवडला नसता. पुस्तकाच्या बाबतीत आम्ही नेमके तेच केले होते.

या त्रैमासिकाच्या संपादकांनी ‘घरातल्या सर्वांसाठी कथा-कादंबऱ्या’ या विषयावर लिहिण्यास सांगितले, तेव्हा आमच्यासमोर ती रेघ उभी राहिली. पालक आम्हांस विचारतात, की कोणते पुस्तक कोणत्या वयाला द्यावे? प्रश्न रास्त आहे. मात्र त्यामागे पुष्कळदा दुसराच प्रश्न दडलेला असतो, की कोणते पुस्तक धोक्याचे नाही? या दुसऱ्या प्रश्नाचा आपल्या चर्चच्या इतिहासाशी जुना संबंध आहे. निषिद्ध ग्रंथांची यादी पोप चौथे पॉल यांच्या काळात, १५५९ मध्ये निघाली आणि १९६६ पर्यंत ती अमलात होती. व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ ही कादंबरीही त्या यादीत जाऊन बसली होती. चांदीची भांडी चोरणाऱ्या कैद्याला पोलिस धरून आणतात आणि बिशप मिरिएल त्याला वर चांदीची शमादानेही देऊन टाकतात, तो प्रसंग याच कादंबरीतला. प्रायश्चित्तकाळातील प्रवचनांत तो सांगितला नाही असा धर्मगुरू शोधून सापडणार नाही. यादी करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. आमचाही त्या रविवारी नव्हता.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जुलै २०२४ या तारखेचे एक पत्र साहित्यावाचनाविषयी लिहिले. आरंभी ते धर्मगुरूंच्या जडणघडणीपुरते लिहावयाचे त्यांच्या मनात होते. नंतर त्यांनी ते सर्व श्रद्धावंतांना उद्देशून लिहिले. त्यात त्यांनी आपल्या तरुणपणची एक आठवण दिली आहे. १९६४-६५ मध्ये ते अर्जेंटिनातील सांता फे येथे येशूसंघीयांच्या शाळेत साहित्य शिकवीत होते. अभ्यासक्रमात ‘एल सिद’ हे जुने स्पॅनिश वीरकाव्य होते आणि मुलांना हवा होता गार्सिया लोर्का. तरुण शिक्षकाने तोड काढली: ‘एल सिद’ घरी वाचा, वर्गात तुम्हांला आवडणाऱ्या लेखकांविषयी बोलू. पुढे मुले आपोआप जुन्या साहित्याकडेही वळली. त्याच पत्रात, धर्मगुरूंच्या शिक्षणात साहित्याला बिनमहत्त्वाचे मानले जाते, अशी खंतही आहे. ती वाचताना आम्हांस आमचे सेमिनरीतले दिवस आठवले. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांच्या वह्यांवर वह्या भरल्या. कादंबरी ही मे महिन्याच्या सुटीत, आंब्याबरोबर चाखण्याची वस्तू होती.

असो. आता पुस्तकांकडे वळू. आरंभ घरच्या पुस्तकापासून करतो, कारण तेथे आपण सर्वाधिक हळवे असतो.

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा निर्देश होतो आणि ती एका ख्रिस्ती लेखकाने लिहिली, याचा आपणांस अभिमान वाटतो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. म्हणजे लेखकाने आपल्या काळातील जळता प्रश्न हाती घेतला होता. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासास निघतात, वाटेत ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी पडतात, पुढे यमुनेवरच वैधव्य कोसळते, ती ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाह होतो. केशवपन आणि कोंडमारा यांची लेखकाला मनापासून चीड आहे आणि ती आजही वाचकापर्यंत पोचते. पण कादंबरी म्हणून तिच्याकडे पाहिले की उणीव लपत नाही. एकेक दुःखी स्त्री येते, आपली व्यथा सांगते आणि निघून जाते. यमुना बहुतेक वेळ ऐकत असते. ती कोणत्या पदार्थावर रुसते, रात्री कशाला भिते, नवऱ्याशी कशावरून भांडते, हे आपणांस कळत नाही. तिला कोठे न्यायचे हे लेखकाने आधीच ठरविलेले आहे.

हा दोष दीडशे वर्षांपूर्वीच संपला असता तर आम्ही तो उगाळला नसता. आपल्या समाजातील नाताळ अंकांतून येणाऱ्या कथा आठवून पाहा. दारुडा नवरा, सोशिक बायको, आजारी मूल. आणि शेवटच्या पानावर मध्यरात्रीच्या मिस्सेची घंटा होताच नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी. (अशा दोन कथा आमच्याही नावावर आहेत, त्या कोणी शोधू नयेत.) ज्यांच्या घरात खरोखर दारू आहे त्या बायकांना ही घंटा खोटी वाटते. त्यांनी ती अनेक नाताळांत ऐकलेली असते आणि सव्वीस तारखेची सकाळही पाहिलेली असते. ‘यमुनापर्यटन’ प्रौढ वाचकांनी अवश्य वाचावे, इतिहास ध्यानी ठेवून वाचावे. प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलाला मात्र ते भेट देऊ नये. दिल्यास ते मूल पुढची दहा वर्षे मराठी पुस्तकाला हात लावणार नाही.

आता ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेच्या ‘द यर्लिंग’ या १९३८ च्या कादंबरीचा राम पटवर्धन यांनी केलेला हा अनुवाद. मूळ कादंबरीला १९३९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. फ्लॉरिडाच्या रानातले एकाकी शेत, काटकुळा बाप पेनी, मुले गमावून कोरडी झालेली आई आणि त्यांचा एकुलता मुलगा ज्योडी. पेनीला विषारी साप चावतो. तो समोर दिसलेली हरिणी गोळी घालून मारतो आणि तिचे काळीज जखमेवर लावून विष ओढून काढतो. बाप वाचतो, हरिणीचे पाडस पोरके होते. ज्योडी ते घरी आणतो. बापाच्या जिवाची किंमत त्या मुक्या जिवाने मोजलेली आहे, हे लेखिका एका शब्दानेही बोलून दाखवीत नाही. पाडस मोठे होते आणि कोवळे पीक खाऊ लागते. ज्योडी पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो, ते पुन्हा खाते. त्या पिकावर घराचे वर्ष अवलंबून आहे. अखेरीस बाप, जो त्या मुलावर जगातल्या कोणाहीपेक्षा अधिक माया करतो, तोच त्याला पाडसाला मारावयास सांगतो. मुलाच्या हातून ते होत नाही. आई बंदूक घेते, तिचा नेम चुकून पाडस जखमी होते आणि त्याच्या वेदना संपविण्याचे काम ज्योडीवरच येते. तो घर सोडून पळतो, उपाशी फिरतो आणि परत येतो. बाप त्याला जवळ बसवून बोलतो, पण झालेले पुसून टाकीत नाही.

या पुस्तकातील एका प्रसंगाकडे आमच्या वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ज्योडीचा मित्र फॉडरविंग हा पाठीत वाकलेला, दुबळा, प्राण्यापक्ष्यांवर जीव टाकणारा मुलगा. तो मरतो. रानात धर्मोपदेशक नाही. त्याचे धिप्पाड, दांडगे भाऊ कबरीपाशी अवघडून उभे असतात आणि अखेर पेनीला प्रार्थना करण्यास सांगतात. तो देवाशी शेतकऱ्याच्या साध्या बोलीत बोलतो. या मुलाची पाठ आता सरळ कर, त्याचे चालणे सोपे कर, आणि वर तुझ्याकडे जमत असेल तर त्याच्या सोबतीला काही पक्षी आणि जनावरे असू देत, असा त्या मागण्याचा आशय आहे. आम्ही आजवर कित्येक अंत्यविधी केले. त्यांत लहान मुलांचेही होते. त्या पानापाशी आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. विधीच्या पुस्तकातील शब्द आम्हांस प्रिय आहेतच. परंतु मेलेल्या मुलाला काय आवडत होते हे देवाला सांगण्याचे धैर्य आम्हांला कधी झाले नव्हते. पुढच्या वेळी झाले.

‘पाडस’ बालवाङ्मयात ठेवावे की प्रौढांच्या कपाटात? आमच्याकडे ते दोन्ही कपाटांत एकेक प्रत असे आहे. पुस्तकासोबत आम्ही एक कोरी वहीही ठेवली असून वाचणाऱ्याने तीत दोन ओळी लिहाव्यात अशी पद्धत पाडली आहे. सातवीतल्या एका मुलाने लिहिले आहे: ‘बापाने असे सांगायला नको होते.’ त्याखाली कोणा मोठ्या माणसाच्या अक्षरात आहे: ‘मग पिकाचे काय?’ आणि त्याखाली पुन्हा त्याच मुलाचे अक्षर: ‘तरीपण.’ समीक्षा म्हणतात ती याहून फार वेगळी नसते.

लुइझा मे अल्कॉट यांच्या ‘लिट्ल विमेन’चा शांता शेळके यांनी केलेला अनुवाद ‘चौघीजणी’ हा आमच्या कपाटातील सर्वांत झिजलेला ग्रंथ. आपल्या भागात आता बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी ती बोलतात, पण वाचताना अडखळतात. या पुस्तकाने त्यावर अकल्पित मार्ग काढला. नात मूळ पुस्तकाची संक्षिप्त इंग्रजी आवृत्ती वाचते, आजी ‘चौघीजणी’ वाचते आणि संध्याकाळच्या रोजरीनंतर ज्यो कशी आणि एमी कशी यावर दोघींचे वाजते. नाताळच्या सकाळी मार्च भगिनी आपली न्याहारी एका गरीब स्थलांतरित कुटुंबाला नेऊन देतात, हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. त्याच कुटुंबातील आजारी बाळाची शुश्रूषा करताना बेथला लाल तापाची बाधा होते, हे मात्र सांगताना गाळले जाते. दानाचे फळ लगेच गोड निघते असे लेखिका म्हणत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो. मूळ इंग्रजी कादंबरीत एक गमतीचा भागही आहे. प्रोटेस्टंट घरातील एमी आत्याच्या घरी राहते, तेव्हा तेथली फ्रेंच कॅथलिक मोलकरीण तिला एका लहानशा खोलीत प्रार्थनेची जागा करून देते, पवित्र मातेचे चित्र लावते. एमीला मिळालेली जपमाळ ती तेथे टांगून ठेवते, वापरीत नाही. आपल्या पंथाला ती चालेल की नाही याची तिला शंका असते. दोन पंथांतील सलोखा यापेक्षा निर्मळपणे दाखविलेला आमच्या वाचनात विरळा. कादंबरीचा उत्तरार्ध उपदेशाकडे झुकतो आणि थोडा रेंगाळतो, हे मान्य केले पाहिजे. आजीला तोच भाग आवडतो.

मुलग्यांची तक्रार असते की या पुस्तकांत ‘काही घडत नाही’. त्यांच्यासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. फुरसुंगीचा हा किडकिडीत बनेश फेणे सायकलवरून संकटात शिरतो आणि ‘टॉक्’ करीत बाहेर येतो. त्यात काही खोल नाही आणि नसले तरी चालते. दहा वर्षांच्या मुलाला पान उलटण्याची सवय लागणे हीच मोठी कमाई. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर एक पिढी वाचायला शिकली. आज त्या वाचवत नाहीत, आम्ही प्रयत्न करून पाहिला. नारायण धारपांच्या भयकथांविषयी पालक बिचकत विचारतात. भुताच्या गोष्टीने श्रद्धा जाते असा आमचा अनुभव नाही, झोप जाते. बाराव्या वर्षाआधी देऊ नयेत. रहस्यकथेची आवड असलेल्या आणि इंग्रजी वाचणाऱ्या मुलांनी चेस्टरटनच्या फादर ब्राऊनकडे जावे. पहिल्याच कथेत हा बुटका, छत्री सांभाळणारा धर्मगुरू पाद्र्याच्या वेषातील चोराला ओळखतो. कशावरून? चोराने बोलता बोलता मानवी बुद्धीला कमी लेखले आणि ते चांगल्या ईशज्ञानात बसत नाही, म्हणून. आमच्या व्यवसायाचा एवढा उपयोग होतो हे वाचून बरे वाटले.

विज्ञानकथेकडे आपल्या घरांतून अजून संशयाने पाहिले जाते. जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात निवर्तले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपले नाव लपवून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठविली होती. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव बनविले होते. जगन्मान्य शास्त्रज्ञाला आपली कथा केवळ कथा म्हणून तपासली जावी असे वाटले, ही गोष्ट लिहिणाऱ्यांनी आणि परीक्षकांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत उत्खननातून एका लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती लागते आणि त्यावरून वामन नावाचा यंत्रमानव घडविला जातो. ती संस्कृती का लोपली हे माणसांना उशिरा कळते. पात्रे पातळ आहेत, संवादांना वर्गातल्या फळ्याचा वास येतो. तरीही आज यंत्रे माणसासारखी बोलू लागलेली असताना, आमच्या युवकांच्या गटात या कादंबरीवर झालेली चर्चा दोन तास चालली आणि एकानेही घड्याळ पाहिले नाही.

आता ‘शाळा’. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतला काळ आणीबाणीचा आहे. नववीतला मुकुंद जोशी स्वतःच्या तोंडाने सांगतो: मित्रांचे टोळके, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बसून मारलेल्या गप्पा, मास्तरांची दहशत, आणि वर्गातली शिरोडकर. तिचा उल्लेख तो आडनावानेच करतो. दुमडलेल्या पानांवरची भाषा खरोखरच शिवराळ आहे. त्या गृहस्थांनी काही खोटे दाखविले नव्हते. मात्र सबंध पुस्तक वाचताना दुसरीही भाषा ऐकू येते. टोळक्यात बोलणारा जोशी आणि शिरोडकरचा विचार करणारा जोशी यांच्या बोलण्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मित्रांत तो जे शब्द सहज वापरतो, त्यांतला एकही त्याला तिच्याजवळ सुचत नाही. आदर म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकविलेले नाही. तो ते चाचपडत स्वतःच शोधून काढतो. शेवटी ती गाव सोडून जाते आणि समोर दहावीचे वर्ष उरते. मुलांशी बरोबरीच्या नात्याने बोलणारा मोठा माणूस त्याच्या आयुष्यात एक आहे, तो नरूमामा. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात असा नरूमामा कोण, हा विचार आम्हांला बरेच दिवस छळत राहिला. त्या वयाच्या मुलांनी काय बोलू नये याची यादी आम्ही त्यांना दिली होती. ती काय बोलतात हे कधी ऐकले नव्हते.

कादंबरीत उणे नाही असे नाही. तिच्यातल्या मुली मुलाच्या खिडकीतूनच दिसतात. दहावीतल्या एका मुलीने वहीत लिहिले आहे, ‘शिरोडकरला काय वाटत होते ते कोणी लिहिले का?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. गौरी देशपांडे किंवा सानिया यांच्याकडे तिला पाठवावे तर अजून दोन-तीन वर्षे थांबणे बरे. तोवर तिनेच लिहावे असे आम्ही सुचविले आहे.

पुस्तक वाचून झाल्यावर आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. न वाचता निर्णय दिला, तो चुकला, असे त्यांना सांगितले. चहा झाला. ते म्हणाले, “फादर, तुम्ही वाचलंत, ठीक आहे. पण माझं मत तेच आहे.” त्यांनी पुस्तक वाचावे असा आग्रह आम्ही धरला, त्यांनी ते ठेवून घेतले आणि तीन आठवड्यांनी परत केले. वाचले का, हे आम्ही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. नवी दुमड मात्र एकही नव्हती. त्यांच्या सूचनेवरून आम्ही एवढा नियम केला, की ही कादंबरी चौदा वर्षांवरील मुलांनाच द्यावी आणि घरातल्या एका मोठ्या माणसाने ती बरोबरीने वाचावी. आतापर्यंत तीन आयांनी आणि एका बापाने तो पाळला आहे.

नोंदवहीत रेघ ओढलेल्या नावाखाली आम्ही पुन्हा तेच नाव लिहिले. रेघ खोडलेली नाही. रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर दोन्ही कपाटे उघडी असतात. किल्ली आता युवक गटातील मुलांकडे दिली आहे.